घामाचा हिशेब वहीत मांडा

खेळाडू थकला आहे की नाही हे त्याच्या पळण्यावरून कळते, असे आपल्याकडचे बहुतेक प्रशिक्षक धरून चालतात. वेळ घसरली, पाय जड पडू लागले की एक दिवस सुट्टी. वेळ टिकून आहे तोवर सराव चालू. या समजुतीला धक्का देणारा पुरावा व्यावसायिक फुटबॉलमधून आला आहे. ग्रेगरी ड्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या एका अव्वल संघातल्या ३२ खेळाडूंच्या दोन हंगामांच्या नोंदी तपासल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यात एक सामना खेळलेले खेळाडू आणि दोन सामने खेळलेले खेळाडू यांची त्यांनी तुलना केली. सामन्यात कापलेले एकूण अंतर, वेगाने पळालेले अंतर, स्प्रिंटची संख्या यांत म्हणावा असा फरक आढळला नाही. दुखापती मात्र दर हजार तासांच्या खेळामागे ४.१ वरून २५.६ वर गेल्या. सहापट. घड्याळ हातात घेऊन कडेला उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही खेळाडू सारखेच ताजेतवाने दिसले असते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की शरीरावर पडणारा भार नजरेने जोखू नये. तो मोजावा, खेळाडूला रोज विचारावा आणि वहीत लिहावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वरकुट्यापासून बारामतीपर्यंत कॅनॉलच्या कडेने पहाटे पळणाऱ्या, संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात उतरणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना हे आजपासून करता येईल.

कामगिरी टिकून असताना शरीर आतून का झिजते, हे आधी समजून घेऊ. व्यावसायिक फुटबॉलपटू एका सामन्यात साधारण १० ते १३ किलोमीटर पळतो. त्यात एकाएकी थांबणे, वळणे, उसळी घेणे असते, आणि स्नायूंचे बारीक तंतू सर्वांत जास्त फाटतात ते अशा थांबण्या-वळण्यात. स्नायूंत साठवलेली साखर भरून यायला, मांडीच्या मागच्या स्नायूची ताकद परत यायला आणि अंगातली सूज ओसरायला बहुतेकदा ७२ तासांच्या आसपास लागतात. तिसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा जोरात पळू शकतो, कारण जिद्द, सवय आणि संघातली चढाओढ त्याला ओढून नेते. पण दुरुस्ती अर्धवट असताना त्याच जागी पुन्हा ताण बसतो. यान एकस्ट्रँड यांच्या पुढाकाराने २००१ पासून युरोपच्या मोठ्या क्लबांमधल्या दुखापतींची सलग नोंद ठेवली जाते. त्या नोंदीत हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या, दुखापतींचा वाटा पहिल्या हंगामात १२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत २४ टक्क्यांवर गेला. याला एकटे वेळापत्रक जबाबदार नाही; खेळाचा वेगही वाढला आहे. तरी जगातले सर्वोत्तम डॉक्टर आणि फिजिओ हाताशी असूनही हे घडते, एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या राज्यातलेच उदाहरण घ्यायचे तर मुंबई सिटी एफसीचे घ्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी रियाधला गेला. ८ तारखेला पहिला सामना, ११ ला दुसरा, १४ ला तिसरा आणि २६ तारखेपर्यंत एकूण सहा. त्यातल्या दुसऱ्या सामन्यात इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून या स्पर्धेच्या गटसाखळीत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान त्यांनी मिळवला. असे वेळापत्रक पेलायचे तर मोठा चमू, खेळाडूंची अदलाबदल आणि सरावाच्या दिवशी भार जाणीवपूर्वक कमी करणारी माणसे लागतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एका स्पर्धेपाठोपाठ दुसरी स्पर्धा खेळणाऱ्या तालीम संघांच्या पोरांना यातले किती मिळते? आणि आपल्या भागातल्या मुलाला तर याहून कमी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अशा निवासी संस्थेत जेवण, झोप, शाळा आणि सराव एकाच छताखाली असतात, त्यामुळे मुलाच्या दिवसाचा सगळा भार कोणा एकाच्या नजरेखाली येऊ शकतो. इंदापूर तालुक्यातल्या गावात राहणाऱ्या मुलाचा दिवस चार जणांत वाटलेला असतो. पहाटे अकॅडमीचे सर, दुपारी शाळेचे क्रीडाशिक्षक, संध्याकाळी कबड्डी संघाचा कप्तान आणि सुट्टीच्या दिवशी शेतात वडील. प्रत्येक जण आपापल्या वाट्याचे बघतो आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या परीने रास्तच असतो. बेरीज मात्र कोणीच करत नाही.

बेरीज करण्याची सोपी रीत अमेरिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी बसवली आणि पुढे फुटबॉलमध्ये ती सर्रास वापरली गेली. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला एकच प्रश्न विचारायचा: आजचे एकंदर किती जड गेले? शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हते. लगेच विचारू नका. शेवटच्या राउंडची धाप उत्तरात मिसळते. त्याने दिलेला आकडा आणि सरावाची मिनिटे यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. नव्वद मिनिटांचा सराव आणि उत्तर पाच, तर ४५०. कस लावणारा सामना, ९५ मिनिटे आणि उत्तर आठ, तर ७६०. आता आपल्याकडचा एक दिवस असाच मांडून पाहू. पहाटेची धाव ६० मिनिटे, उत्तर सहा: ३६०. संध्याकाळी कबड्डी ७५ मिनिटे, उत्तर सात: ५२५. आणि मधल्या वेळात उसाच्या लागणीला तीन तास, उत्तर पाच: ९००. दिवसाची बेरीज १,७८५. अकॅडमीच्या सरांच्या हिशेबी हा मुलगा फक्त ३६० चे काम करून गेला आहे, तेव्हा उद्या त्याला आणखी दोन राउंड द्यायला हरकत नाही असे त्यांना वाटणे साहजिक आहे. ही रीत खेळाच्या सरावासाठी बनली आहे, त्यामुळे शेतकामाचा आकडा ढोबळ समजावा. पण ढोबळ आकडाही शून्यापेक्षा खूप खरा. पाठ, कंबर आणि मांड्या त्याच आहेत. काम मैदानात झाले की सरीत, हे त्यांना ठाऊक नसते.

दिवसाचा आकडा मिळाला की आठवड्याची बेरीज मांडा आणि सातही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. फॉस्टर यांनी १९९८ मध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले होते: एकूण भाराइतकाच त्याचा एकसुरीपणा घातक ठरतो. रोज ४२० चा सराव सहा दिवस आणि ७००, २००, ६००, १५०, ६५०, २२० असा चढउताराचा सराव यांची बेरीज एकच, २,५२०. दुसऱ्या वेळापत्रकात शरीराला सावरायला मधले दिवस मिळतात. आपल्याकडे मात्र रोज तेच अंतर, तोच रस्ता, तीच घाई. जड दिवस खरोखर जड ठेवा आणि हलका दिवस खरोखर हलका. हलक्या दिवशी पोरांनी आपापसात शर्यत लावली तर तो हलका राहत नाही.

गुणाकाराने शरीरावर काय पडले ते कळते. शरीराने ते कसे घेतले हे कळायला सकाळी चार प्रश्न विचारावे लागतात. झोप कशी झाली, अंगात थकवा किती, अंग कुठे दुखते आणि किती, मन कसे आहे. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. ऑस्ट्रेलियात स्यू हूपर यांनी १९९० च्या दशकात जलतरणपटूंवर काम करताना अशाच प्रकारची प्रश्नावली वापरली होती. साध्या विचारण्यावर भिस्त कशी ठेवायची, रक्ततपासणी किंवा हृदयाच्या ठोक्यांचे यंत्र जास्त विश्वासार्ह नाही का, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर अ‍ॅना सॉ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दिले. सरावाचा भार वाढला किंवा घटला की त्याचा पडसाद खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्यात यंत्रांच्या आणि रक्ताच्या मोजमापांपेक्षा अधिक नेमका आणि अधिक सातत्याने उमटतो, असे त्यांना आढळले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंवर रॉबिन थॉर्प यांनी केलेल्या कामातही तेच दिसले: आदल्या दिवशी वेगाने पळालेले अंतर वाढले की दुसऱ्या सकाळी सांगितलेला थकवा वाढतो.

पोरे खोटे सांगतील, सराव चुकवायला थकवा वाढवून सांगतील, ही हरकत जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षक घेतो. माझ्या मते खरी अडचण उलट दिशेची आहे. संघातली जागा जाईल, सर रागावतील, घरचे म्हणतील एवढे पैसे भरले ते कशाला, या धास्तीने मुले दुखणे लपवतात, आणि मुली त्याहून जास्त. म्हणून नियम पक्का हवा. सकाळच्या उत्तरावरून कोणाला संघातून काढायचे नाही, सगळ्यांदेखत विचारायचे नाही आणि कमी गुण दिले म्हणून हिणवायचे नाही. तीन-चार आठवडे आकडे जमू द्या. त्यानंतर प्रत्येकाची आपली अशी सरासरी दिसू लागते. एक मुलगा रोज १७ सांगतो, दुसरा रोज १३. दोघेही ठीक असू शकतात. दुसऱ्याशी तुलना करू नका, त्याची त्याच्याशीच करा. रोज १७ सांगणारा सलग दोन दिवस १३ वर आला की त्या दिवशीचा जड भाग गाळा आणि त्याच्याशी बोला. बहुतेक वेळा कारण सरावाबाहेर सापडते: परीक्षा, घरातले आजारपण, रात्री पिकाला पाणी देण्याची दारे.

या आकड्यांना मर्यादा आहेत, आणि त्या लपवल्या तर वहीवरचा विश्वास उडेल. ऑस्ट्रेलियाचे टिम गॅबेट यांनी २०१६ मध्ये मांडले की चालू आठवड्याचा भार आणि मागच्या चार आठवड्यांची सरासरी यांचे गुणोत्तर दीडपटीच्या पुढे गेले की दुखापतीचा धोका वाढतो. जगभरच्या संघांनी हा आकडा भिंतीवर लावला. पुढे फ्रँको इंपेल्लिझेरी आणि इतरांनी या गुणोत्तराच्या गणितातले दोष दाखवून दिले, आणि त्यांची टीका मला पटते. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये या प्रसिद्ध नियमाचीही तीच गत. नेदरलँड्समध्ये ५०० हून अधिक नवख्या धावपटूंना दोन गटांत विभागून तो तपासला, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गटांत दर पाचांमागे एक जायबंदी झाला होता. तेव्हा कोणताही एक आकडा लक्ष्मणरेषा मानू नका. पण गॅबेट यांच्या लिखाणातला दुसरा अर्धा भाग आपल्याकडे पोहोचायला हवा. हळूहळू वाढवत नेलेला मोठा भार खेळाडूला कणखर करतो, आणि फार कमी सराव करणाऱ्यालाही सामन्याच्या दिवशी धोका असतोच. वही ठेवणे म्हणजे सराव कमी करणे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्याची वही सलग सहा महिने भरलेली आहे त्याच्यावर जड आठवडा टाकायची हिंमत प्रशिक्षकाला होते, कारण तो किती पेलू शकतो हे कागदावर असते.

आपल्या भागात सर्वांत मोठा धोका मला पोलीस भरतीच्या जाहिरातीत दिसतो. जाहिरात निघाली की महिनोन्‌महिने न पळालेली मुले दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर उतरतात आणि सकाळ-संध्याकाळ पळू लागतात. पहिले दोन आठवडे उत्साहाचे जातात, वेळही सुधारते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नळी दुखू लागते. हाडावरच्या ताणाची अशी दुखणी जुनी आहेत; प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले होते. कारण हाडाच्या स्वभावात आहे. नवा ताण आला की हाड आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा भरते. पोखरणे काही आठवड्यांत उरकते, भरायला काही महिने लागतात. दम आणि स्नायू मात्र याच्या कितीतरी आधी सुधारतात. म्हणजे ज्या आठवड्यात मुलाला वाटते की आता जमू लागले, त्याच आठवड्यात त्याचे हाड सर्वांत पोकळ असते. घड्याळातली वेळ इथे पुन्हा फसवते. जाहिरातीची वाट न पाहता पावसाळ्यातही आठवड्यात तीन दिवस थोडे पळत राहणे हा यावरचा खरा उपाय. उशीर झालाच असेल तर एक दिवसाआड पळा, मातीच्या रस्त्यावर पळा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंतर वाढवू नका. दुखणे नळीभर पसरलेले असेल तर भार कमी करून पाहता येते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी हाड दुखत असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल तर धावणे त्याच दिवशी बंद करून अस्थितज्ज्ञांना दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नका.

जुन्या तालमीचा दाखला देऊन कोणी म्हणेल की हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानांनी कधी वही ठेवली नाही. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण तालमीत भाराचे ज्ञान होतेच. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी हजार बैठका सांगत नसे, आकडा महिन्यांच्या हिशेबाने चढे. मेहनतीनंतर मालिश, खुराक आणि दुपारची झोप हे मेहनतीचेच भाग होते. पैलवान तालमीतच राहत असल्याने त्याचे खाणे-झोपणे वस्तादाच्या डोळ्यांसमोर असे. हे सगळे आता तुटले आहे. पोर घरी राहते, एसटीने कॉलेजला जाते, चार ठिकाणी घाम गाळते, आणि तालमीतून आपण फक्त मेहनतीचा आकडा उचलला आहे. शिवाय जे मोठे पैलवान झाले त्यांच्या कहाण्या आपल्यापर्यंत आल्या. गुडघे आणि कंबर गमावून विशीतच बाजूला झालेल्यांची मोजदाद कोणी ठेवली?

झोपेबद्दल स्पष्ट बोलायला हवे. अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट आढळली. आपल्याकडे शेतीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्री असते, आणि दारे धरायला घरातला धडधाकट पोरगाच जातो. त्याला शेत सोडून दे असे सांगणे निरर्थक आहे. पण रात्रीच्या विजेचे वेळापत्रक गावाला आधी माहीत असते. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि ज्या रात्री दारे त्या सकाळचा सराव हलका किंवा रद्द ठेवा. जड दिवस दिवसाच्या विजेच्या आठवड्यात टाका. जेवणाचेही असेच आहे. पहाटे उपाशीपोटी पळून तसेच कॉलेज गाठायचे आणि पहिला घास दुपारी खायचा, यात स्नायूंची साखर भरून येत नाही. पळून आल्यावर तासाभरात भाकरी, दूध, केळी, अंडी, उसळ यांतले जे घरात असेल ते पोटात जावे. मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही कमी खाणे आणि जास्त भार यांची खूण असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये यावर खास इशारा दिला, कारण त्यातून हाडे ठिसूळ होतात. जास्त मेहनतीने पाळी जाते, त्यात काही वावगे नाही, असे मैदानावर सर्रास बोलले जाते आणि ते धोकादायक आहे. या गोष्टीची विचारपूस करायला संघात एक विश्वासातली बाई हवी. ती नसेल तर आईने करावी.

शेवटचा मुद्दा उन्हाचा. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले आणि काहींचा जीव गेला. आता पुरुषांना १,६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते, पण जीव तोडून धावणे तेच आहे. इंदापूरच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवते. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, अंग तापतच राहते. उष्णतेची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. तेव्हा मे-जूनमध्ये भरतीची मैदानी चाचणी असेल तर आधीचे दोन आठवडे थोडा सराव उन्हे वर आल्यावर करा, आणि त्या दिवसांत तोच सराव वहीत जास्त गुण घेणार हे गृहीत धरून मिनिटे कमी करा. ताप, जुलाब किंवा रात्रभर जागरण झालेले असेल तर त्या दिवशी जोर लावू नका. कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर भरपूर थंड पाणी ओता, मान आणि काखेत बर्फ असेल तर ठेवा, अंग निवू लागले की दवाखान्यात हलवा.

वही मुलानेच ठेवावी आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, चौघांपैकी प्रत्येकाला दाखवावी: अकॅडमीचे सर, क्रीडाशिक्षक, कप्तान आणि वडील. शाळेची शंभर पानी वही पुरते. एका पानावर एक आठवडा, सात ओळी, प्रत्येक ओळीत सकाळचे चार गुण, प्रत्येक कामाची मिनिटे, त्याचा गुणाकार आणि शेवटी दुखण्याची जागा.